उडत्या नौका आणि पाण्यांतील सावज

मनुष्याच्या कल्पनेला वाहन लागतें. पुराणांतील देवांना गरुड, मयूर, मकर अशीं वाहनें मिळालीं. परीकथेंतील राजपुत्राला उडता घोडा मिळाला. आणि यंत्रयुगांत वाढलेल्या तरुणाच्या कल्पनेला यंत्राचेंच वाहन हवें असतें. गेल्या अर्धशतकांत पाश्चात्य देशांत एक नवा बैठा खेळ रूढ झाला व तेथून तो भारतांतील शहरांतही आला. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें त्याचा पहिला नमुना प्रसिद्ध केला. चारपांच गडी मेजाभोंवतीं बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे आपापलें पात्र निवडतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रें आपण काय करणार तें बोलून दाखवितात, आणि यशापयशाचा निवाडा फांसे करतात. या खेळाच्या अनेक शाखांपैकीं एक शाखा राक्षसांच्या व विलक्षण श्वापदांच्या शिकारीची आहे, आणि तिचें कथानक पुष्कळदां आजच्याच काळांत घडतें.

अशा शिकारी पथकाला जुन्या काळची उडती नौका द्यावी, ही कल्पना कोणाही सूत्रधारास मोह पाडील अशीच आहे. उडती नौका म्हणजे विमान, जहाज आणि राहतें घर हीं तिन्ही एका पोटांत. तिला धांवपट्टी लागत नाहीं; जेथें पाणी, तेथें तिचें बंदर. आणि कथानक अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत घडवावयाचें म्हटलें, तर सामुग्रीची वाण नाहीं. एका बाजूस शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख असलेलें शिलाहारांचें शिवालय. त्याच्या शेजारून वाहणारी आणि कारखान्यांच्या सांडपाण्यानें काळवंडलेली वालधुनी. दुसऱ्या बाजूस मलंगगडाचे सुळके. आणि बदलापूरच्या पलीकडे डोंगरांच्या कुशींत पसरलेला बारवी धरणाचा जलाशय. त्या जलाशयावर संध्याकाळच्या वेळीं एक जुनी चार इंजिनांची नौका उतरत आहे, असें चित्र डोळ्यांपुढें आणणें कठीण नाहीं.

कठीण आहे तें पुढचें. हें यंत्र खरोखर काय करूं शकत होतें, त्यानें कशाची शिकार केली, आणि तें नाहींसें कां झालें, या प्रश्नांचीं उत्तरें कल्पनेजवळ नाहींत. तीं इतिहासाजवळ आहेत. आणि आश्चर्य असें कीं, त्या उत्तरांपैकीं एक अंबरनाथपासून थोड्याच अंतरावर, नेवाळीच्या माळावर, आजही उघडें पडलेलें आहे.

प्रथम वस्तूचें स्वरूप पाहावें. पाण्यावर उतरणारीं विमानें दोन जातींचीं. एका जातींत साध्याच विमानाला चाकांच्या जागीं तरंगते ठोकळे लावलेले असतात. २८ मार्च १९१० रोजीं फ्रान्समध्यें मार्सेयजवळच्या खाडीसरोवरावरून आंरी फाब्र यानें उडविलेलें जगांतील पहिलें जलविमान या जातीचें होतें. दुसऱ्या जातींत विमानाचें पोट हेंच जहाजाचें पोट असतें. तें पाण्यावर बसतें, पाणी कापतें आणि पाण्यांतूनच उठतें. ही खरी उडती नौका. अमेरिकेंत ग्लेन कर्टिस यानें १९१२ सालीं ती यशस्वी करून दाखविली. तिच्या तळाला मध्यभागीं एक आडवी पायरी ठेवलेली असते. वेग वाढला म्हणजे नौकेचा मागील भाग या पायरीमुळें पाण्यापासून सुटतो. ती नसेल तर पाणी तळाला धरून ठेवतें, आणि इंजिनें कितीही गर्जलीं तरी नौका वर उठत नाहीं. एवढ्याशा पायरीवर एका युगाचा प्रवास उभा होता.

तें युग आलें तें विमानतळांच्या अभावामुळें. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचा मार्ग हवेंतून जोडण्याची निकड ब्रिटिश साम्राज्याला भासूं लागली. जड विमानास लांब, कठीण व सपाट धांवपट्टी हवी. ती देशोदेशीं बांधणें खर्चाचें होतें. समुद्र, नदी, तलाव मात्र सर्वत्र तयार होते. १९२७ च्या ऑक्टोबरांत ब्रिटिश हवाई दलाच्या चार साउदॅम्पटन जातीच्या नौका इंग्लंडांतून निघाल्या. कराचीहून हिंदुस्थानच्या किनाऱ्यानें लंकेस वळसा घालून त्या १९२८ च्या फेब्रुवारींत सिंगापुरास पोंचल्या. १९२९ च्या ३० मार्च रोजीं इंपीरियल एअरवेजची इंग्लंड ते कराची अशी नियमित सेवा सुरू झाली, तींतही भूमध्य समुद्रावरचा टप्पा उडत्या नौकेनेंच पार होई. जुहूच्या माळावर जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपालाचें चिमुकलें विमान आणून उतरविलें तें त्यानंतर, १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं.

यापुढची पायरी मोठी होती. साम्राज्यांतील सर्व पहिल्या दर्जाचें टपाल जादा आकार न घेतां विमानानें न्यावें, असें ब्रिटिश सरकारनें ठरविलें, आणि त्यासाठीं शॉर्ट बंधूंच्या कारखान्याकडे एकदम २८ नौकांची मागणी नोंदविली. आर्थर गूज हा त्यांचा रचनाकार. पहिली नौका, ‘कॅनोपस’, १९३६ च्या जुलैंत उडाली. पंखांचा विस्तार ११४ फूट, लांबी ८८ फूट, चार पेगॅसस इंजिनें, आणि पोटांत दोन मजले. वरच्या मजल्यावर चालक व टपाल. खालीं चोवीस उतारूंची सोय, स्वयंपाकाची कोठी, आणि खिडकीशीं कठड्याला टेकून उभें राहतां येईल असा एक फेरफटक्याचा कक्ष. ताशीं सुमारें १६५ मैल हा तिचा नेहमीचा वेग. १९३८ च्या फेब्रुवारींत ही टपाल योजना हिंदुस्थान, ब्रह्मदेश व मलाया येथवर पोंचली, आणि त्याच वर्षाच्या जुलैपासून साउदॅम्पटन ते सिडनी हा सारा मार्ग नौकांनीं जोडला. तो सुमारें साडेनऊ दिवसांचा होता. रात्रीं उड्डाण क्वचितच. उतारू सायंकाळीं किनाऱ्यावरच्या हॉटेलांत झोंपत आणि पहाटे पुन्हा पाण्यावर येत.

हिंदुस्थानांत या नौका कोठें उतरत? कराचीस कोरंगीच्या खाडींत. तेथून मेवाडांतील राजसमंद तलावावर. मग ग्वाल्हेरजवळ माधोसागरावर. पुढें प्रयागास नदीवर. आणि शेवटीं कलकत्त्यास हुगळींत. या यादीकडे बारकाईनें पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. राजसमंद हा महाराणा राजसिंहानें सतराव्या शतकांत बांधविलेला तलाव. माधोसागर हा शिंदे सरकारांच्या मराठी संस्थानांतील जलाशय. १९२५ सालीं निधन पावलेल्या माधवराव महाराजांनीं आपल्या कारकीर्दींत बंधारे व तलाव बांधण्यावर मोठा भर दिला होता, आणि मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं पुण्याच्या खडकवासल्यास १९०३ सालीं बसविलेल्या स्वयंचलित दरवाजांचा प्रयोग ग्वाल्हेर संस्थानांत तिघ्रा धरणावरही झाला होता. म्हणजे अवर्षणांत रयतेचें पीक व पिण्याचें पाणी राखावें म्हणून राजांनीं आणि इंजिनियरांनीं जें पाणी अडविलें, तेंच विसाव्या शतकांत साम्राज्याच्या टपालाचें बंदर झालें. लंडनच्या पत्रांचीं पोतीं शिंदेशाहीच्या पाण्यावर उतरत होतीं. उडत्या नौकेला जमीन लागत नाहीं हें खरें; परंतु तिला जें पाणी लागतें तेंही कोणीतरी, कशासाठींतरी, घाम गाळून सांठविलेलें असतें.

त्या उतरण्यांत वरवर दिसते तितकी सहजता नव्हती. नौका येण्यापूर्वीं मोटरबोट पाण्यावरून फिरून वाहतीं लांकडें, मासेमारीच्या होड्या, जाळीं हीं दूर झाल्याची खात्री करून घेई. लाटा मोठ्या असल्या तर तळ फुटण्याचें भय. आणि पाणी आरशासारखें स्तब्ध असलें तर त्याहून अधिक भय, कारण स्तब्ध पाण्यावर चालकाला आपली उंची उमगत नाहीं. अशा वेळीं मोटरबोट मुद्दाम गोल फिरवून पाण्यावर तरंग उठवीत. इंधन भरणें, इंजिन दुरुस्त करणें, उतारू चढविणें, सारें हेलकावणाऱ्या तळावर उभें राहून. खाऱ्या पाण्याचा गंज हा तर कायमचा वैरी. १९३८ च्या नोव्हेंबरांत ‘कॅलपर्निया’ ही नौका इराकांतील हब्बानिया सरोवरावर रात्रीं वादळांत सांपडून नष्ट झाली. १९३९ च्या जूनमध्यें ‘सेंच्युरियन’ हुगळींत उतरतांना अपघात होऊन बुडाली. खेळांतील सूत्रधारानें पाण्याखालच्या राक्षसाची योजना करण्यापूर्वीं हें लक्षांत ठेवणें बरें, कीं खऱ्या चालकाला राक्षसाची गरजच नव्हती. एक वाहता ओंडका पुरत असे. समुद्राच्या पोटांतील नवल जगाला दाखविणारे झाक कुस्तो यांचे चिरंजीव फिलिप यांचा अंत १९७९ सालीं लिस्बनजवळ टॅगस नदींत कॅटॅलिना जातीच्या नौकेच्या अपघातांतच झाला.

शिकारीचा भाग आला तो दुसऱ्या महायुद्धांत. शिकार होती पाणबुडीची व शत्रूच्या आरमाराची, आणि शिकारी होती हीच कॅटॅलिना. १९३५ सालीं अमेरिकेंत प्रथम उडालेली ही नौका दिसावयास बेडौल, वेगानें मंद. परंतु दोन इंजिनांवर ती दिवसच्या दिवस आकाशांत राहूं शके. पोटाच्या दोन्ही बाजूंस कांचेचे मोठे फुगे होते. त्यांत पहारेकरी बसत आणि तासन्तास पाण्याकडे पाहत. मद्रासजवळचा रेडहिल्स तलाव, लंकेतील कोगल्ला, कराचीची कोरंगी खाडी हीं तिचीं ठाणीं झालीं. शिकारीच्या कथांत सावज दर प्रकरणीं दिसतें. प्रत्यक्षांत उड्डाणामागून उड्डाण रिकामें जाई. ऊन, पाणी, ढगांच्या सावल्या; सावलीला पाणबुडी समजावें, आणि पाणबुडीला सावली समजून सोडून द्यावें, हीच भीति. २० ऑगस्ट १९४३ रोजीं मादागास्करच्या दक्षिणेस कॅटॅलिनांनीं जर्मनांची यू १९७ ही पाणबुडी बुडविली. अशी एखादी तारीख हातीं लागावी म्हणून कितीतरी रिकाम्या तारखा खर्ची पडत.

कधीं कधीं सावजच शिकाऱ्यापेक्षां मोठें निघे. ४ एप्रिल १९४२ रोजीं कॅनडाच्या ४१३ क्रमांकाच्या तुकडींतील लिओनार्ड बर्चल हा अधिकारी कोगल्ल्याहून कॅटॅलिना घेऊन लंकेच्या आग्नेयेस गेला. दिवसभराचा पहारा संपत आला असतां क्षितिजावर त्याला कांहीं ठिपके दिसले. जवळ जाऊन पाहतां तें ॲडमिरल नागुमोचें आरमार होतें. विमानवाहू जहाजांवरून झेपावलेल्या लढाऊ विमानांपुढें मंदगति कॅटॅलिनेचा टिकाव लागणें शक्य नव्हतें. परंतु नौका कोसळण्यापूर्वीं बिनतारी संदेश गेला. दुसऱ्या दिवशीं, ईस्टरच्या रविवारीं, कोलंबोवर हल्ला झाला तेव्हां शहर झोंपेंत सांपडलें नाहीं. बर्चल व त्याचे वांचलेले सोबती युद्ध संपेपर्यंत जपान्यांच्या कैदेंत राहिले. त्यांनीं एकही शत्रू मारला नाहीं. त्यांनीं पाहिलें, आणि जें पाहिलें तें कळविलें. त्यांच्या कामगिरीचें सारें मोल एवढ्यांत आहे.

पाहण्याच्या पलीकडे या नौकांनीं आणखी एक काम केलें, आणि तेंच काळाच्या ओघांत अधिक उजळून निघालें. १९४४ च्या वसंतांत चिंडिट सैन्याच्या तुकड्या ब्रह्मदेशांत जपानी फळीच्या मागें उतरल्या होत्या. मे महिन्याच्या अखेरीस त्यांतील १११ व्या ब्रिगेडला आपलें ठाणें सोडून डोंगरांतून माघार घ्यावी लागली. पाऊस सुरू झाला होता. विमानें उतरण्याच्या तात्पुरत्या पट्ट्या चिखलांत बुडाल्या. आणि शेंकडों जखमी व तापानें फणफणलेले शिपाई इंडॉजी सरोवराच्या कांठीं अडकून पडले. त्यांना खांद्यावरून वाहून नेणें अशक्य, मागें ठेवणें त्याहून अशक्य. तेव्हां कोणाच्या तरी मनांत आलें, कीं जेथें जमीन उरली नाहीं तेथें सरोवर आहे. हवाई दलाच्या २३० क्रमांकाच्या तुकडींतील दोन संडरलंड नौका, ज्यांचा जन्म समुद्रासाठीं, त्या आसामांत दिब्रुगडजवळ ब्रह्मपुत्रेवर आणून ठेवल्या गेल्या. तेथून त्या पावसाळी ढगांतून डोंगररांगा ओलांडून सरोवरावर उतरत. तराफ्यांवरून जखमी नौकेशीं आणले जात, आणि चाळीसएक माणसें पोटांत घेऊन नौका पुन्हा उठे. जून व जुलैच्या आरंभापर्यंत सुमारें पांचशें माणसें अशा रीतीनें परत आलीं. पाणबुडी मारण्यासाठीं बांधलेल्या नौकांचें सर्वांत उदात्त कृत्य समुद्रापासून शेंकडों मैलांवर घडलें, आणि त्यांत एकही गोळा सुटला नाहीं.

पुढच्याच वर्षीं पॅसिफिक महासागरांत याच जातीचा दुसरा प्रसंग आला. ३० जुलै १९४५ रोजीं अमेरिकेची ‘इंडियानापोलिस’ ही क्रूझर जपानी पाणबुडीनें बुडविली. खलाशी चार दिवस उघड्या समुद्रांत तरंगत राहिले. तहान, ऊन आणि शार्क यांनीं एकेक जण गिळला. २ ऑगस्टला एड्रियन मार्क्स हा वैमानिक कॅटॅलिना घेऊन तेथें आला. उघड्या समुद्रावर उतरूं नये असा नियम होता. खालीं शार्क माणसांना ओढून नेत असल्याचें पाहून त्यानें सोबत्यांचें मत घेतलें आणि नौका लाटांवर टेकविली. रात्रभर त्यानें ५६ माणसें पाण्यांतून ओढून घेतलीं. पोटांत जागा संपली तेव्हां उरलेल्यांना पंखांवर बांधून ठेवलें. ती नौका पुन्हा उडण्याच्या स्थितींत राहिली नाहीं, व शेवटीं ती बुडवावी लागली. श्वापदांच्या शिकारीचा खेळ मांडणाऱ्यानें हा एक प्रसंग समोर ठेवला, तर त्याच्या पात्रांना फांसा टाकण्यापूर्वीं विचार करावा लागेल: नौका वांचवावी, कीं माणसें?

युद्धानें या नौकांना कीर्ति दिली आणि त्यांचा अंतही युद्धानेंच केला. १९४३ ते १९४५ या काळांत कॅटॅलिना नौका ऑस्ट्रेलियांतील पर्थहून थेट कोगल्ल्यास येत; प्रवास कधीं तीस तासांहूनही अधिक लांबे आणि उतारूंना वाटेंत दोन सूर्योदय दिसत. पाण्यावरच्या उड्डाणाचा हा पराक्रमाचा कळस होता. परंतु त्याच वर्षांत जगभर हजारों धांवपट्ट्या तयार होत होत्या. जड बाँबफेकी विमानांसाठीं त्या घाईघाईनें बांधल्या गेल्या. युद्ध संपलें, धांवपट्ट्या उरल्या. आणि ज्या अभावामुळें उडती नौका जन्मास आली होती तो अभावच नाहींसा झाला. चाकांचीं विमानें अधिक वेगानें, अधिक स्वस्तांत व रात्रंदिवस उडूं लागलीं. १९५० च्या नोव्हेंबरांत ब्रिटिश विमान कंपनीनें आपल्या उडत्या नौकांचा शेवटचा मार्ग बंद केला.

त्या हजारों धांवपट्ट्यांपैकीं एक नेवाळीची. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सरकारनें कल्याणच्या परिसरांत मोठी लष्करी छावणी उभारली आणि नेवाळीच्या माळावर विमानांसाठीं पट्टी बांधण्याकरितां आसपासच्या गांवांतील दीड हजार एकरांहून अधिक जमीन ताब्यांत घेतली. छावणीचें पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं त्या बराकी भरल्या, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें उल्हासनगराचा पाया घातला गेला. लष्करी वस्तूचें माणसांच्या वस्तींत रूपांतर झालें. नेवाळीच्या जमिनीला मात्र असें सुदैव लाभलें नाहीं. युद्धाच्या गरजेपुरती घेतलेली जमीन युद्धानंतर परत मिळावयास हवी होती, असें शेतकऱ्यांचें म्हणणें. जमीन संरक्षण खात्याची, असें सरकारचें म्हणणें. २०१७ च्या जूनमध्यें नौदलानें तेथें कुंपणाची भिंत घालण्यास आरंभ केला तेव्हां हा जुना वाद पेटला. रस्ते अडविले गेले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, गोळीबार झाला व माणसें जखमी झालीं. पाऊणशें वर्षांपूर्वीं ज्या विमानांसाठीं ती पट्टी घातली तीं विमानें भंगारांत जाऊन किती तरी काळ लोटला. पट्टीखालचा प्रश्न मात्र जिवंत आहे. या परिसरांत भूत म्हणून कांहीं असेलच, तर तें हें आहे.

यावरून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो कीं, धांवपट्टी शेतकऱ्याची जमीन घेते आणि उडती नौका कोणाचें कांहींच घेत नाहीं. म्हणून नौकेचें युग गेलें हें वाईट झालें. परंतु बारवीचा जलाशय या निष्कर्षास आडवा येतो. उल्हास नदीस मिळणाऱ्या बारवीवर औद्योगिक विकास महामंडळानें धरण बांधलें तें अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली येथील कारखान्यांना पाणी पुरविण्यासाठीं. पुढें त्यावर ठाणें जिल्ह्यांतील कितीतरी शहरांची तहान भागूं लागली. धरण भरलें म्हणजे त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, खडकवासल्याच्या परंपरेंतले म्हणावेत असे. धरणाची उंची वाढविली गेली तसतसें पाणी वर चढलें, आणि गांवें व आदिवासी पाडे त्याखालीं गेले. उठलेल्या कुटुंबांना मोबदला व नोकऱ्या मिळवितांना वर्षेंच्या वर्षें झगडावें लागलें. आज ज्या पाण्यावर कल्पनेंतील नौका उतरवावयाची, त्याच्या तळाशीं जोतीं आहेत, विहिरी आहेत, देवांचीं ठाणीं आहेत. पाणीही रिकामें नसतें.

कोंकणपट्टीची लोकश्रद्धा हें फार पूर्वींपासून जाणते. तिनें पाण्याच्या प्रत्येक डोहाला धनी नेमून दिलेला आहे. कोठें साती आसरा राहतात. त्यांना हळदकुंकू व खणनारळ दिल्यावांचून पाण्यांत उतरूं नये. कोठें गिऱ्हा असतो; तो वाटसरूला चकवून खोल पाण्यांत नेतो. या समजुतींकडे हंसून पाहणें सोपें आहे. पण त्यांत व्यवहाराचा एक धडा दडलेला आहे. अनोळखी पाण्यांत आपण पाहुणे आहोंत, आणि पाहुण्यानें आधीं विचारावें, हा तो धडा. नौका येण्यापूर्वीं पाण्यावर फिरणारी मोटरबोट यंत्राच्या भाषेंत हेंच करीत होती.

स्वातंत्र्योत्तर काळांतही भारतानें या वाहनाचा नाद अगदींच सोडलेला नाहीं. नौदलाच्या हवाई शाखेचा आरंभ १९५३ सालीं कोचीन येथें सीलंड जातीच्या, पाणी व जमीन दोन्हींवर उतरणाऱ्या विमानांनींच झाला. २०१० च्या अखेरीस अंदमानांत, आणि २०१४ सालीं जुहू व लोणावळ्याच्या परिसरांतील जलाशय यांच्या दरम्यान, लहान जलविमानांची सेवा सुरू झाली. दोन्ही टिकल्या नाहींत. ९ डिसेंबर २०१७ रोजीं गिरगांव चौपाटीच्या पाण्यावर अशाच एका विमानाची चांचणी मुंबईकरांनीं पाहिली. जगांत इतरत्र हें वाहन टिकून राहिलें तें दोन कामांसाठीं. कॅनडांत तयार झालेलीं सीएल-४१५ जातीचीं विमानें तलावावरून सरकतां सरकतां बारा सेकंदांत सुमारें सहा हजार लिटर पाणी पोटांत भरून वणव्यावर ओततात; आणि जपानची यूएस-२ ही नौका खवळलेल्या समुद्रावर उतरून बुडत्यांना उचलते. टपाल गेलें, उतारू गेले, पाणबुडीची शिकारही गेली. आग विझविणें आणि माणूस वांचविणें एवढीं दोनच कामें उरलीं. काळाच्या चाळणींतून काय खालीं पडतें आणि काय वर राहतें, हें पाहण्यासारखें आहे.

मग अंबरनाथच्या त्या कल्पित पथकानें काय करावें? २७ जुलै २०१९ चा दिवस त्याला उपयोगीं पडेल. आदल्या रात्रींच्या पावसानें उल्हास नदी फुगली आणि मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पाण्यानें वेढली गेली. गाडींत हजाराहून अधिक माणसें होतीं. रुळ दिसेनात, रस्ता उरला नाहीं. चोहोंकडे गढूळ पाणी. अशा ठिकाणीं उडती नौका उतरूं शकली असती काय? नाहीं. त्या पाण्यांत झाडें होतीं, तारांचे खांब होते, बांध होते; खोली कोठें गुडघाभर, कोठें दोन पुरुष. तिचा तळ पहिल्या शंभर यार्डांत फाटला असता. तेथें उपयोगीं पडल्या त्या आपत्ति निवारण दलाच्या हवा भरलेल्या साध्या होड्या, जवानांचे दोर आणि गांवकऱ्यांचे हात. दिवस मावळण्यापूर्वीं सारे उतारू सुखरूप बाहेर आले. ज्या सूत्रधाराला आपला खेळ खरा वाटावा असें वाटत असेल, त्यानें या प्रसंगीं आपल्या लाडक्या नौकेला बारवीच्या खोल पाण्यावर थांबवून ठेवावें, आणि पात्रांना होडींत बसवावें.

उडत्या नौकेचें भरभराटीचें युग वीसपंचवीस वर्षांचें. त्यांतील खरा शिकारीचा काळ अवघा सहा वर्षांचा. त्या सहा वर्षांत तिनें जें मारलें त्याची नोंद युद्धखात्याच्या दप्तरांत आहे. जें वांचविलें त्याची नोंद इंडॉजीच्या कांठावरून परतलेल्या शिपायांच्या घरीं, त्यांच्या मुलांनातवंडांच्या रूपानें आहे. राक्षस कल्पनेंतला असो कीं खरा, वालधुनीच्या पाण्यांत मिसळलेलें विष असो कीं नेवाळीच्या मातींतला अन्याय, त्याचा माग काढणाऱ्याला बंदुकीच्या आधीं बर्चलचे डोळे हवेत आणि मार्क्सचें काळीज हवें. नौका मागाहून मिळाली तरी चालेल.